अकरा नंबरची पात

पुणे, १२ ऑक्टोबर २०२४

विजूआत्या,

पायावर डोकं ठेवते, असं लिहिलं की तू म्हणशील, पोरीला काहीतरी मागायचं असणार. बरोबर आहे, मागायचंच आहे.

फोनच करणार होते. पण तुझा फोन म्हणजे दिग्विजयदादाचा फोन, आणि दादा तू मजुरीला जातेस त्याच बागेचा सुपरवायझर. मला जे विचारायचंय ते मुलासमोर बोलणं तुलाही अवघड आणि त्यालाही. म्हणून हे पत्र. आत माझा पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पाकिटं ठेवली आहेत. पोस्टात जायला जमलं नाही, ही सबब चालणार नाही.

तुमची बाग ज्या परदेशी दुकानांना द्राक्षं पाठवते, त्यांनी बागायतदारांना एक आचारसंहिता घालून दिली आहे. मजुरांना कसं वागवायचं, काय द्यायचं, काय करायला लावायचं नाही, सगळं त्यात लिहिलंय. ती आल्यापासून मजूर बायांचं खरंच भलं झालं का, हे बघायचं काम आमच्या संस्थेला मिळालंय, आणि बारामती-इंदापूरच्या बागा माझ्या वाट्याला आल्यात. मालकांना विचारून झालं. सगळे म्हणतात, सगळं छान आहे. सगळंच छान म्हटल्यावर मला संशय येतो.

म्हणून तू सांग. चांगलं, वाईट, असेल ते. नाव कुणाचंही येणार नाही, शब्द देते. आणि गटातल्या बायांनाही सांगून ठेव, कुणी चौकशीला आलं तर घाबरू नका, खरं ते सांगा.

तुझी सोनम


कळस, २१ ऑक्टोबर

सोनूबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि त्याच दिवशी निवडणुकीची आचारसंहिता लागली. चौकातल्या पुढाऱ्यांच्या पाट्यांना कापडं गुंडाळलेली बघून आमची करिमा म्हणते, "विजाक्का, तुज्या भाचीची संहिता लई जोरात हाय गं, पुढाऱ्यांची तोंडं बी झाकली!" ही संहिता वेगळी आणि ती वेगळी, हे तिला समजावता समजावता माझी भाकरी गार झाली.

आता तुझं उत्तर. खोटं कशाला बोलू, चांगलं झालंय. पूर्वी एका ओळीत औषध फवारायचे आणि शेजारच्या ओळीत आम्ही डोक्याला पदर गुंडाळून काम करायचो. ते बंद झालं. शिव्या बंद झाल्या. मालक ऋषिराज शिकलेला मुलगा, आम्हाला 'तुम्ही' म्हणतो. संडास बांधलाय. किल्ली दिग्विजयच्या खिशात असते, कारण तपासणीच्या दिवशी तो नवा दिसायला हवा. हातमोजे दिलेत. छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावताना ते बरे, पण विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढताना, घालून बघ, बोटांना मणी कळत नाही. गेटावर तक्रारपेटी आहे. तिच्यात गांधीलमाश्यांनी घर केलंय, त्यांची काहीतरी तक्रार असावी.

पण गेटावरच्या नियमांच्या पाटीवर नाही अशी एक गोष्ट सांगते. आमच्या गटात बारा बाया. त्यात कौसल्याक्का साठीच्या पुढची. मला, करिमाला, निम्म्या गटाला द्राक्षाचं काम तिनं शिकवलं. साखरेनं तिची नजर गेली. घड दिसतो, मणी दिसत नाहीत. तरी घड तळहातावर तोलून सांगते, "ह्यातलं तीस काड, खालचं शेपूट छाट." मोजून बघितलं तर दोन-चारचा फरक. पण कात्री चालवायची म्हणजे नजर लागतेच. म्हणून तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, आम्ही पुढं घेतो. एका बाजूनं मी, एका बाजूनं करिमा, चार घड आपले, चार तिचे. आम्ही मागं पडलो की पलीकडच्या आमच्या ओळीला हात लावतात. संध्याकाळी बाराच्या बारा पाती बरोबर टोकाला लागतात. माझी आजी काटेवाडीत खुरपायला जायची तेव्हापासून हे चालत आलंय. बाळंतिणीची पात, आजारी बाईची पात अशीच निघते. यात उपकार नाहीत. उद्या माझी नजर जाईल.

तिला घरी बसून चालत नाही. सून वाईट नाही. पण कामाला निघालेल्या सासूचा डबा भरणं वेगळं आणि दिवसभर उंबऱ्यात बसलेल्या सासूला वाढणं वेगळं. कौसल्याक्का म्हणते, "हाजरी लागती तवर मी मानूस हाय."

हे तुझ्या वहीत कुठं बसतंय का बघ.

तुझी आत्या


पुणे, १० नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि माधवी मॅडमना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, वाचून दाखवलं. गांधीलमाश्यांवर त्या खूप हसल्या. पण कौसल्याबाईंची पात आली तशा खुर्चीत पुढं सरकल्या. म्हणाल्या, असं काही आपल्याला एकाही बागेत सापडलेलं नाही, हे सविस्तर हवं.

म्हणून विचारते. कौसल्याबाईंची हजेरी पूर्ण लागते का? त्यांचं काम करणाऱ्या बायांना त्याचं वेगळं काही मिळतं का? मालकाला माहीत आहे का? कुणी करायला लावतं का? प्रश्न सरकारी वाटतील, मनावर घेऊ नकोस, आमचा फॉर्मच तसा आहे. मला स्वतःला इतका अभिमान वाटला की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, ही माझी सख्खी आत्या म्हणून.

सोनम


कळस, २४ नोव्हेंबर

सोनूबाई,

तुझे प्रश्न ऐकून करिमा म्हणाली, "ही भाची हाय का फौजदार?"

हजेरी पूर्ण लागते. आम्हाला वेगळं काय मिळायचं? शेजारणीचं पोर कडेवर घेतलं तर कुणी मोबदला देतं का? करायला कुणी लावत नाही, न करायला मात्र कुणी सांगून बघावं. ऋषिराजला सगळं माहीत आहे. त्याची आई लग्न होऊन आली तेव्हा बागेतलं काम कौसल्याक्काकडूनच शिकली. आमच्या ओळीजवळून जाताना तो मुद्दाम फोन कानाला लावतो. दिग्विजय तिच्या नावापुढं खूण करतो आणि वही मिटतो. असं चाललंय. लपवायचं काही नाही, पण दवंडी पिटायचीही गोष्ट नाही, एवढं तुला कळत असेलच.

कौसल्याक्काला सांगितलं की तुझी हकीगत पुण्याला पुस्तकात जाणार, पण नाव नसणार. ती रुसलीच. "का म्हनून नगं? चाळीस वर्सं बागा केल्या, माजं नाव कुठल्या कागदावर हाय का? पोरीला म्हनावं, घाल. कौसल्या गेणबा खारतोडे, मुक्काम कळस." असं म्हणत तिनं माझा हात हातात घेतला, बोटं फिरवली आणि विचारलं, "तुज्या मनात काय तरी हाय. भ्यालीस व्हय गं?" घड असो की माणूस, तिला हातावरून कळतं. तिच्याशी खोटं बोलायचं तर हात पाठीमागं धरून बोलावं लागतं. मी म्हटलं, भ्यायचं काय त्यात.

बघ बाई, नाव घालता आलं तर.

तुझी आत्या


पुणे, ६ डिसेंबर

आत्या,

घाईत लिहिते. अहवालाचा पहिला भाग काल गेला. नाव घालता येत नाही, नियम आहे, कौसल्याबाईंची समजूत काढ. महिनाअखेरीला खरेदीदाराचे तपासणीवाले तुमच्या बागेत येणार आहेत. ती माणसं आमची नाहीत, पण चांगली असतात. बायांना सांग, मोकळेपणानं बोला.

सोनम


कळस, ९ जानेवारी २०२५

सोनम,

आधी एवढंच सांग. कौसल्याक्काची पात तू त्यांच्या कानावर घातलीस का?

सव्वीस डिसेंबरला तपासणी आली. ऐन विरळणी चालली होती. शेडमध्ये एकेकीला बोलावलं. विचारणारी बाई गोड होती, आधी पाणी घ्या म्हणाली. मग हातातल्या काचेच्या पाटीवर बोट फिरवून विचारलं, "दुसऱ्या मजुराचं काम तुम्हाला पगाराशिवाय करावं लागतं का?" शेडमधून बाहेर येणारी प्रत्येकजण मान ताठ करून सांगत होती, "मी व्हय म्हनलं. कौसल्याक्काचं नाव बी सांगितलं." मीही सांगितलं. तूच लिहिलं होतंस ना, खरं सांगा. आम्हाला वाटलं, शाबासकी मिळणार.

आठवड्यानं कागद आला. पगाराशिवाय सक्तीचं काम, हा एक गुन्हा. काम न करणाऱ्या बाईची हजेरी, हा दुसरा. तीस दिवसांत सुधारा, नाहीतर माल घेणार नाही. ऋषिराज तो कागद गुडघ्यावर ठेवून बांधावर बसून राहिला. त्याला तरी काय म्हणू, त्या मालावर आमच्यासकट पंचवीस घरं आहेत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीच्या खांबाला नंबर लागला आणि प्रत्येक बाईला नंबर मिळाला. ज्या नंबरची बाई त्याच नंबरची ओळ, दुसरीचा हात लागता कामा नये. मी दहा, कौसल्याक्का अकरा, करिमा बारा. राखणीला दिग्विजय. पहिल्या दिवशी मी अकराकडं वळले तर पोटचा पोरगा हात जोडून म्हणतो, "आय, तुज्या पाया पडतो, दहातच ऱ्हा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

तीन दिवस तिनं एकटीनं कात्री चालवली. संध्याकाळी आमच्या पाती टोकाला आणि तिची अर्ध्यात. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच केलेला एक घड तळहातावर घेतला, बोटं फिरवली आणि थांबली. चांगले मणी कापले गेले होते, बारके राहिले होते. मग मागचा घड बघितला. त्याच्या मागचा. एकेक चाचपत ती ओळीच्या सुरुवातीपर्यंत उलटी चालत गेली. सगळे तसेच. तिनं कात्री तारेला अडकवली आणि निघून गेली. आम्ही अकरा जणी आपापल्या नंबरात उभ्या होतो. एकीनंही ओळ सोडली नाही. ती लाज आमची आहे, तुझ्यावर ढकलत नाही.

वहीत लिहिलंय, 'स्वखुशीने काम सोडले.'

माझ्या पहिल्या ओळीचं उत्तर दे.

विजयमाला


पुणे, १५ जानेवारी

आत्या,

हो. घातली.

नाव येणार नाही असा शब्द दिला होता, नाव आलं नाही. बागेचा क्रमांक आला. तेवढं पुरलं.

मी तुमच्या पातीवर दोन पानं लिहिली होती, मनापासून. पण परदेशी जातो तो तक्ता वेगळा असतो. त्यात रकाने ठरलेले. काम स्वतःचं की दुसऱ्याचं, पगारी की बिनपगारी, राजीखुशीचं की सक्तीचं. राजीखुशीचं लिहायचं तर बाईची लेखी संमती जोडावी लागते. तुझ्या आजीच्या काळापासून चालत आलेल्या गोष्टीची संमती मी कुठून आणणार होते? मॅडमनी तिसऱ्या रकान्यात 'सक्तीची शक्यता' असं लिहिलं.

तक्ता जायच्या आधी माझ्याकडे सहीला आला. न बघता सही केली असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील. पण मी बघितलं होतं, आत्या. बघितलं आणि सही केली. तारीख उलटत होती. आणि पन्नास बागांच्या 'छान'मध्ये काहीतरी सापडलेली मी एकटीच होते. माझं कौतुक झालं. त्या दिवशी ऑफिसात मला टाळ्या मिळाल्या, हे तुला सांगितलंच पाहिजे.

मी हे दुरुस्त करून घेते. कौसल्याबाई कुठं आहेत? मी येऊ का?

सोनम


कळस, ४ फेब्रुवारी

सोनम,

येऊ नकोस. तुझ्यावर रागावले म्हणून नाही. बाया आता पुण्याची गाडी दिसली की तोंड मिटतात, आणि तू त्यातलीच दिसशील. ते मला बघवणार नाही. खरं लिहिलंस ते बरं केलंस. खोटं लिहिलं असतंस तर पुन्हा पाकीट फोडलं नसतं.

कौसल्याक्का आठ दिवस घरी बसली. नवव्या दिवशी ऊस लागणीच्या टोळीत बेणं वाहायला गेली. तिथं नंबर नाहीत, पाटी नाही, हातमोजे नाहीत, चप्पलसुद्धा नाही. टोळी परगावची. तिची पात कोण धरणार? पाण्यानं भरल्या सरीतून डोक्यावर बेण्याची मोळी घेऊन चालायचं. तिथं जुन्या उसाचा खुंट तिच्या तळपायात घुसला. हातावरून दुनिया ओळखणारी बाई, पण साखरेनं पाय बधिर झालेले, तिला कळलंच नाही. सुनेला अंगणात रक्ताची पावलं दिसली तेव्हा कळलं.

आता पाय सुजलाय. मी गेले तर म्हणते, "कायबी न्हाय झालं, जरा खरचटलंय." हळद लावलीय. दवाखान्यात चल म्हटलं तर सून म्हणते, उद्या नेतो.

आत्या


पुणे, १८ फेब्रुवारी

आत्या,

झालं! दोन आठवडे सगळ्यांशी भांडले. माझी दोन पानं इंग्रजीत करून खरेदीदाराला पाठवली. तिकडून उत्तर आलंय की ही पद्धत 'मजुरांमधलं परस्पर सहकार्य' म्हणून चालेल. कौसल्याबाईंना परत घेता येईल. सोबत फॉर्म आहे. बाराही जणींच्या सह्या हव्यात, आणि कौसल्याबाईंनी स्वतः बागेत येऊन, दिग्विजयदादासमोर, आपण राजीखुशीनं कामावर येत आहोत असं म्हणून अंगठा द्यायचा. बस, एवढंच.

मार्चमध्ये तोडणी सुरू होईल तेव्हा त्या तुमच्यामध्ये असतील. पाय बरा आहे ना? तू काही कळवलं नाहीस. नेलं ना दवाखान्यात?

तुझी सोनम


कळस, ८ मार्च

सोनूबाई,

फॉर्म परत पाठवते. अकरा सह्या आहेत. बाराव्या जागी काही नाही, कारण बागेत चालत येऊन अंगठा द्यायचा असं त्यावर लिहिलंय.

कौसल्याक्काचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. पंधरा फेब्रुवारीला. तुझा फॉर्म आला तेव्हा ती इंदापूरला दवाखान्यात होती. तुला कळवलं नाही, कारण काय लिहू ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस आधी आणायला पाहिजे होतं. त्या दहा दिवसांत मी रोज तिच्या दारावरून बागेत जात होते. सूनबाईला बोल लावायला मला तोंड नाही.

आज बागेत महिला दिन झाला. तोही नियमात आहे. प्रत्येकीला गुलाबाचं फूल दिलं आणि नंबरानं उभं करून फोटो काढला. अकरा नंबरला आता रतन नावाची नवी पोर आहे. हात चपळ आहेत तिचे. तिला आम्ही काही बोलत नाही, तिचा काय दोष.

संध्याकाळी आम्ही कौसल्याक्काकडं जातो. ती उंबऱ्यात बसलेली असते. रोज एकच विचारते, "माज्या पातीचा माल कसा निघाला गं?" तिनं चुकीचे छाटलेले घड ऋषिराजनं जानेवारीतच कापून टाकले होते. आम्ही सांगतो, "एक घड बाद झाला न्हाय. समदा बोटीवर गेला." करिमा तर पेट्यांचा आकडासुद्धा सांगते. तिला वाटतं, ती गेल्यावर आम्ही तिची पात पुढं घेतली आणि परत जाईपर्यंत घेत राहणार.

काल तिनं दुसरंच काढलं. "पुन्याच्या पोरीनं पुस्तकात नाव घातलं का?" मी म्हटलं, विचारते.

सोनू, तू मला खरं लिही म्हणालीस, मी लिहिलं. आता मी तुझ्याकडं मागते. तिच्या नावानं एक पत्र लिही. खोटं लिही. मी वाचून दाखवीन.

तुझी आत्या


पुणे, १५ मार्च २०२५

कौसल्याबाईंना,

सोनमचा नमस्कार. विजूआत्याची भाची.

आमचं पुस्तक छापून आलं. त्यात अकराव्या पानावर तुमचं नाव आहे. कौसल्या गेणबा खारतोडे, मुक्काम कळस, तालुका इंदापूर. नावाखाली लिहिलंय की ही बाई घड तळहातावर तोलून त्यातले किती मणी काढायचे ते सांगते, आणि दोन-चारपेक्षा जास्त फरक पडत नाही. अर्ध्या कळसला द्राक्षाचं काम हिनं शिकवलं, हेही आहे.

तुमच्या पातीचा माल परदेशात पोहोचला. तिथून कळवलंय की असे भरलेले घड दुसऱ्या कुठल्या ओळीचे नव्हते. पुस्तक जाड आहे, पोस्टानं पाठवता येत नाही. मी येईन तेव्हा घेऊन येईन, आणि ते पान तुमच्या हातात देईन.

तुमची जागा तुमचीच आहे. पायाला जपा.

सोनम


आत्या,

वरचं पत्र तिला वाचून दाखव आणि ही चिठ्ठी फाडून टाक.

पुस्तकाचं अकरावं पान म्हणजे तक्ता आहे. तुमच्या बागेच्या क्रमांकापुढं लिहिलंय, 'त्रुटी आढळली. तीस दिवसांत दूर झाली.' उदाहरण म्हणून तुमची बाग इतरांना दाखवणार आहेत. परवा मला कऱ्हाटीला डाळिंबाच्या एका बागेत जायचंय. तिथल्या बायांसमोर बसल्यावर तोंडातून काय निघेल, मला माहीत नाही.

पत्र वाचताना ती हात पुढं करील. तुझा हात देऊ नकोस. कागद दोन्ही हातांनी धर.

सोनम